सोरायसिस आहे? मग हिरड्या पण दाखवून घ्या
ब्रश करून थुंकताना बेसिनमध्ये गुलाबी दिसतंय का बघा, कारण सोरायसिसवाल्यांत हिरड्यांचा आजार जास्त आढळतो, दोन्हीकडे प्रतिकारशक्तीच भडकलेली असते. डेंटिस्टला पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची खोली, मोजायला सांगा, ४ मिमी किंवा जास्त भरलं आणि रक्त येत असेल तर नुसतं वरवरचं स्केलिंग पुरत नाही, हिरडीखालून सफाई लागते. जाताना औषधांची चिठ्ठी न्याच, मेथोट्रेक्सेट, बायोलॉजिक (प्रतिकारशक्तीवर काम करणारी इंजेक्शनं) आणि सायक्लोस्पोरिन तर खास सांगा, सायक्लोस्पोरिनने हिरड्या वाढू शकतात. मनाने काही बंद करू नका प्लीज. मिश्री, तंबाखू मात्र आजच सोडा. नंतर मऊ ब्रश हिरडीकडे तिरका धरून २ मिनिटं, फटींत इंटरडेंटल ब्रश. चट्टे एवढ्यानेच जातील असं नाही, मलम चालू ठेवा आणि साधारण ३ महिन्यांनी पॉकेट परत मोजून घ्या.