गॅरेजमध्ये नवीन लागलात? आधी बंद करायला शिका

दहावीनंतर आयटीआयला 'मेकॅनिक मोटर व्हेईकल'ची दोन वर्षं किंवा 'मेकॅनिक डिझेल'चं एक वर्ष काढून पोरं गॅरेजात येतात, तेव्हा इंजिन खोलायला सगळ्यांचे हात शिवशिवत असतात. वाट्याला मात्र येतं ऑइल बदली करणं, एअर फिल्टर झटकणं, चाकं काढणं आणि हत्यारं पुसून जागेवर ठेवणं. यात वैतागू नका. दुरुस्त होऊन गेलेली गाडी दोन दिवसांत परत येते, ती बऱ्याचदा निदान चुकलं म्हणून नव्हे. एखादा नट कमी आवळलेला असतो, एखादा जास्त, जुनं वायसर (वॉशर) तसंच लावलेलं असतं किंवा पाइपची क्लिप बसवायची राहिलेली असते. खोलणं कुणालाही जमतं, बंद करणं हे खरं काम आहे. ते हातात बसवण्यासाठीच हे महिने असतात.

ऑइल बदलीच घ्या. इंजिन कोमट हवं. थंड ऑइल जाड असतं आणि तळाची घाण सोबत घेऊन उतरत नाही. लांबून धावत आलेल्या गाडीचं ऑइल हात भाजतं. रॅम्प नसेल तर जॅकने गाडी उचलून खाली घोडी (लोखंडी स्टँड) लावायची, गाडीला हाताने हलवून बघायचं आणि मगच खाली शिरायचं. जॅक उचलण्यापुरता असतो. त्याचं सील कधी दगा देईल हे त्यालाही माहीत नसतं.

चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, नटाला उघडा पाना लावू नका, कोपरे झडतात. रिंग पाना किंवा सहा कोनी गोटी (सॉकेट) वापरा. नट ढिला झाला की शेवटचे दोन आटे हाताने, नट वर दाबून धरत फिरवा आणि झटकन बाजूला घ्या, म्हणजे ऑइल कोपरापर्यंत ओघळत नाही. परत लावताना वायसर नवीन घ्या. तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं ते वायसर एकदाच दबण्यासाठी बनवलेलं असतं, दुसऱ्यांदा ते नीट बसत नाही आणि थेंब थेंब गळती सुरू होते. नटाचे पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच द्यायचे. बोटांना अडकलं तर आटे तिरके चढलेत असं समजून नट बाहेर काढा, पान्याने जबरदस्ती करू नका. छोट्या गाड्यांत हा नट साधारण ३० ते ४० न्यूटन मीटरला आवळतात. नेमका आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतो. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) नसेल तर निदान लांब दांडा लावून लोंबकळू नका. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे एकदा गेले की दोनशे रुपयांच्या मजुरीत चेंबर बदलायची पाळी येते.

फिल्टर काढल्यावर लगेच नवीन चढवायचा मोह होतो. थांबा. टॉर्च मारून जिथे ऑइल फिल्टर बसतो ती जागा बघा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. काळ्या जागेवर काळी रिंग, पटकन दिसत नाही. नखाने खरवडून खात्री करा. त्या रिंगवर नव्या फिल्टरची रिंग बसली तर गाडी चालू केल्यावर मिनिटभर सगळं ठीक वाटतं. मग दाब वाढतो, वरची रिंग बाजूला सरकते आणि तीन लिटर ऑइल बघता बघता रस्त्यावर जातं. ड्रायव्हरचं लाल दिव्याकडे लक्ष गेलं नाही तर इंजिन जाम. नव्या फिल्टरच्या रिंगला बोटाने नवं ऑइल लावा, हाताने फिरवत रिंग टेकू द्या आणि टेकल्यावर साधारण पाऊण फेरा. फिल्टर पाना काढताना वापरायचा, लावताना नाही.

१.२ लिटरच्या पेट्रोल इंजिनात फिल्टरसकट साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल बसतं. सगळं एकदम ओतू नका. थोडं हातात राखून भरा, मिनिटभर इंजिन चालू करा, बंद करून पाच मिनिटं थांबा आणि सपाट जागेवर गेज (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा. बऱ्याच गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एका लिटरचा फरक असतो. 'थोडं जास्त असलेलं बरं' हा समज चुकीचा आहे. पातळी फार वर गेली की क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा) ऑइल घुसळते, फेस होतो, दाब पडतो. ऑइलची ग्रेड, म्हणजे जाडी, हीही झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये पाहूनच भरायची. पातळ ०डब्ल्यू-२० मागणाऱ्या नव्या पेट्रोल इंजिनात जुन्या सवयीने जाड २०डब्ल्यू-५० ओतू नका. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाल्यानंतरच्या डिझेल गाड्यांना कमी राख होणारंच ऑइल लागतं, नाहीतर सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर चोंदतो. हीच डिझेल गाडी फक्त शहरात रखडत चालत असेल तर गेजवर ऑइल *वाढलेलं* दिसू शकतं. ते डिझेल मिसळलेलं ऑइल असतं. तसं दिसलं तर मिस्त्रींना लगेच सांगा.

ब्रेकचं काम उशिरा हातात येतं आणि तेच बरं. पॅड काढल्यावर आतला आणि बाहेरचा शेजारी शेजारी ठेवा. आतला संपलेला आणि बाहेरचा जाडजूड असेल तर बहुधा कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) स्लाइड पिन अडकलेली असते. नुसते पॅड बदलून दिले तर काही महिन्यांत तीच गाडी परत. पिन काढून साफ करा आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन अजून घट्ट बसते. कॅलिपर रबरी पाइपवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने स्प्रिंगला बांधा. पिस्टन मागे दाबण्याआधी वरच्या डबीचं झाकण उघडून पातळी पाहा, नाहीतर ब्रेक ऑइल उतू जातं आणि बोनेटखालचा रंग खातं. सांडलंच तर लगेच पाणी मारा. पॅडचं मटेरियल ३ मिलिमीटरच्या आसपास आलं की बदलायला सांगा. डिस्कची कमीत कमी जाडी बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेली असते, तिथेच वाचा. आणि सगळं जोडून झाल्यावर, गाडी इंचभरही हलवण्याआधी, पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिलं पेडल थेट जमिनीला टेकतं. हे विसरलेली गाडी रॅम्पवरून उतरते ती थेट समोरच्या भिंतीवर जाऊन थांबते.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ कोरडं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. खंडाळा किंवा आंबोली घाट उतरताना ब्रेक तापले की आत वाफ होते आणि पेडल स्पंज होतं. म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं, रंग बरा दिसला तरी. उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नका.

चाकाचे नट आधी हाताने, मग समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर. वाऱ्याच्या गनने एका दमात गच्च केलेले नट रात्री पंक्चर झाल्यावर गिऱ्हाइकाला सुटत नाहीत, तेव्हा ते तुमची आठवण काढतं. शेवटचं आवळणं चाक जमिनीला टेकल्यावर, हाताने.

बॅटरीचं काळं टोक आधी काढायचं आणि शेवटी लावायचं. लाल आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. न मोजता बॅटरी बदलायला लावणं ही गॅरेज लाइनमधली सर्रास चालणारी लबाडी आहे आणि तुम्ही ती शिकू नये. पुष्कळदा दोष अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरी बॉडीला जोडणाऱ्या, गंजलेल्या पट्टीत असतो.

रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीच उघडायचं नाही, कितीही घाई असो. कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालू नका, क्षार आत जमून नळ्या बुजतात.

आता कानाचं काम. गिऱ्हाईक 'आवाज येतो' एवढंच सांगतं. केव्हा, हे तुम्ही विचारायचं. पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर कट-कट म्हणजे बहुधा एक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालंय का पाहा. वेगाबरोबर वाढणारी घुंईं म्हणजे चाकाचं बेअरिंग किंवा टायर. उजवीकडे वळताना ती वाढली तर संशय डाव्या चाकावर, कारण वळणात भार बाहेरच्या बाजूला जातो. स्पीडब्रेकरवर खट् झालं तर लिंक रॉड आणि बुशपासून सुरुवात करा, शॉकअप शेवटी.

स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावला की सगळं कळतं असं नव्यांना वाटतं. स्कॅनर पार्टचं नाव सांगत नाही, लक्षण सांगतो. पी०१७१ हा कोड म्हणजे इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, एवढंच. कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइप, घाणेरडा हवेचा सेन्सर किंवा कमी पेट्रोल प्रेशर असू शकतं. तो कोड पाहून ऑक्सिजन सेन्सर बदलणं म्हणजे ताप दाखवला म्हणून थर्मामीटर बदलणं.

पावसाळ्यात एक गोष्ट पाठच करून ठेवा. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी एअर फिल्टर बघा. तो ओला असेल तर स्पार्क प्लग काढा, मग इंजिन फिरवून पाणी बाहेर टाका. सीएनजीची पाइपलाइन आणि इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीतल्या केशरी केबल्स यांना प्रशिक्षण घेतल्याशिवाय हात लावायचा नाही, मिस्त्री म्हणाले तरी.

गाडी द्यायच्या आधी चक्कर मारा. इंजिन गरम झालं की परत खाली वाकून चेंबरचा नट आणि फिल्टर कोरडे आहेत का ते बोट फिरवून बघा. काढलेलं ऑइल ड्रममध्ये जातं, गटारात नाही. ते घातक कचऱ्यात मोजलं जातं आणि नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्यावं लागतं. जॉबकार्डावर केलेल्या कामाबरोबर न केलेलंही लिहा: 'मागचे ब्रेक लायनर संपत आलेत, गिऱ्हाइकाने सध्या नको सांगितलं.' खाली किलोमीटर, तारीख आणि गिऱ्हाइकाची सही.