गड्ड्याला निघण्याआधी फोनची तयारी

यंदा गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, निघण्याआधी घरात एक कोरा कागद घेऊन बसा आणि आपल्या फोनवर *#०६# दाबा. पडद्यावर १५ आकडे येतील, दोन सिमचा फोन असेल तर दोन ओळी येतील. हा आयएमईआय. गाडीला चेसिस नंबर असतो तसा हा फोनचा नंबर. दोन्ही ओळी पेनाने उतरवून घ्या. फोटो काढून ठेवू नका, तो फोनमध्येच राहतो आणि फोनसोबतच जातो. खोक्यावरही हा नंबर असतो, पण खोकं कुठं आहे ते आजच शोधा. आमच्याकडे ते सापडलं तेव्हा त्यात शिवणाच्या रिळी होत्या आणि स्टिकर फाटलेला होता. फोन घेतल्याचं बिल असेल तर तेही याच कागदासोबत ठेवा.

कागदावर पुढे लिहा: ज्या ज्या बँकेत खातं आहे तिथला कार्ड आणि खातं बंद करायचा नंबर, सिम कंपनीचा दुसऱ्या कुठल्याही फोनवरून लागणारा मोठा नंबर (तीन आकडी नंबर बहुधा त्याच कंपनीच्या सिमवरून लागतो), सायबर फसवणुकीसाठी १९३०, आणि घरातल्या दोन माणसांचे नंबर. त्यातला एक तरी पाठ करा. गर्दीत उभं राहून परक्या माणसाचा फोन हातात घेतल्यावर मुलाचा नंबर आठवत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ते माझे मामा होते. यंत्रमागावर आयुष्य गेलं त्यांचं. होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू होतं, सगळ्यांच्या माना वर, आणि खालच्या खाली खिसा रिकामा झाला. मी शेजारीच उभी होते. आम्ही काय केलं? दीड तास शोधलं. पाळण्यांच्या बाजूला, भेळेच्या गाड्यापाशी, चपला ठेवल्या तिथं. "हितंच पडला असंल की," मामा सारखं म्हणत होते. आधी रिंग जात होती, मग बंद लागायला लागला. त्या दीड तासात सिम दुसऱ्या फोनमध्ये गेलं होतं. सकाळी खात्यातून २८ हजार गेलेले. फोन जुना होता, आठ हजारांचासुद्धा नव्हता.

पैसे गेले कसे, हे नंतर समजलं तेव्हा जीव चरकला. मामांच्या फोनच्या कव्हरमध्ये एटीएम कार्ड होतं. यूपीआयचा पिन नव्याने ठेवायचा तर बहुतेक ठिकाणी कार्डाचे शेवटचे सहा आकडे, त्याची मुदत आणि मोबाईलवर आलेला ओटीपी एवढं पुरतं. कार्ड कव्हरमध्ये, ओटीपी सिमवर. चोराला आम्ही कुलूप आणि किल्ली एकाच पिशवीत घालून दिली. म्हणून सगळ्यात आधी कव्हर काढा आणि झटका. कार्ड, आधारची झेरॉक्स, पिन लिहिलेली चिठ्ठी, जे पडेल ते कपाटात ठेवा.

मग सिमला पिन घाला. फोनच्या कुलपाबद्दल सगळे बोलतात, सिमच्या कुलपाबद्दल कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते खरं काम तेच आहे. फोनला कितीही कुलपं असू द्या, सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की तुमचा नंबर चालू, तुमचे ओटीपी त्याच्या हातात. सिमला पिन असेल तर दुसऱ्या फोनमध्ये घालताच तो पिन मागेल. सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात सिम लॉक मिळतं. चालू करताना आधीचा ठरलेला पिन विचारला जातो. तो अंदाजाने टाकू नका, कंपनीला फोन करून विचारा, कारण तीन वेळा चुकला की सिम अडकतं आणि मग कंपनीकडून पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा नंबर, घ्यावा लागतो. ई-सिम असेल तर ते काढताच येत नाही, तेवढी काळजी कमी.

इथेच आणखी एक गोष्ट बघा: सिम कोणाच्या नावावर आहे? आमच्या भागात निम्म्या घरांत आईचं सिम पुण्याला असलेल्या मुलाच्या नावावर असतं. फोन गेल्यावर डुप्लिकेट सिम मिळतं ते ज्याच्या नावावर आहे त्यालाच, आधार दाखवून. भोगीच्या दिवशी मुलगा हडपसरला आणि आई सोलापुरात, असं झालं तर दोन दिवस नंबर उघडा पडतो. तुमच्या नावावर किती नंबर आहेत ते संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर दिसतं. ज्याचा नंबर त्याच्याच नावावर करून घ्या.

फोनच्या पडद्याला सहा आकडी कुलूप लावा, जन्मसाल नको, आणि यूपीआयचा आकडा वेगळा असू द्या. कुलूप असतानाही मेसेजचा मजकूर वर दिसत असेल तर ते बंद करा, नाहीतर ओटीपी कुलूप न उघडता वाचता येतो. यूपीआय लाइटमध्ये बाजूला ठेवलेले पैसे देताना पिन लागत नाही, ते खिशातल्या नोटेसारखे असतात. जत्रेत लागतील तेवढेच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी दुहेरी पडताळणी चालू करा. अँड्रॉइडला गूगलचं फाइंड हब आणि आयफोनला फाइंड माय, म्हणजे हरवलेला फोन शोधायची सोय, चालू आहे का, ते घरातल्या दुसऱ्या फोनवरून एकदा उघडून बघा. आयडी आणि पासवर्ड आठवतो का, हे त्याच वेळी कळतं. फोटो आणि नंबर क्लाउडवर जाऊ द्या.

निघताना फोन पुढच्या खिशात किंवा गळ्यातल्या छोट्या पिशवीत, अंगाला लागून. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत बाराबंदीचा पोशाख घालून चालणार असाल तर फोन घरच्या माणसाकडे देऊन जा. अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी जी रेटारेटी होते, तिथं हात खिशाकडे न्यायलाही जागा नसते.

एवढं करूनही गेला, तर शोधायला दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. एका माणसाला जागेवर उभं करा आणि दुसऱ्याच्या फोनवरून सिम कंपनीला लावा: सिम बंद करा. लगेच बँकेला: यूपीआय, कार्ड, मोबाईल बँकिंग बंद. तक्रारीचा नंबर आणि वेळ लिहून घ्या. अनधिकृत व्यवहारांबद्दल रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत आणि त्यांत तुम्ही कधी कळवलं यावर बरंच अवलंबून असतं. पैसे गेलेच असतील तर त्याच मिनिटाला १९३०. मग दुसऱ्या फोनवरून आपला फोन लॉक करा आणि पडद्यावर संपर्काचा नंबर ठेवा. नकाशावर फोन एखाद्या गल्लीत दिसला तरी स्वतः जाऊ नका, पोलिसांना दाखवा.

पोलिसांत त्याच दिवशी जा. फौजदार चावडी ठाण्याची हद्द की सदर बझारची, यावरून फेऱ्या मारू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठलंही ठाणं माहिती नोंदवून घेऊ शकतं. फोन चोरला असेल तर "गहाळ" नव्हे, "चोरी" लिहायला सांगा. विमा असेल तर या एका शब्दाने फरक पडतो. रेल्वेत गेला असेल तर लोहमार्ग पोलीस आहेत, हेल्पलाइन १३९.

दुसऱ्या दिवशी डुप्लिकेट सिम घ्या. ते सुरू झाल्यावर साधारण २४ तास एसएमएस येत नाहीत. ही सुरक्षेसाठी घातलेली अट आहे, त्यामुळे दुकानदाराशी भांडू नका. मग संचार साथीवर सीईआयआरचा, म्हणजे चोरीचा फोन बंद करायच्या सरकारी व्यवस्थेचा, अर्ज भरा. ही व्यवस्था २०१९ मध्ये आधी महाराष्ट्रात आली आणि मे २०२३ पासून देशभर आहे. कागदावर उतरवलेले ते दोन आयएमईआय इथे लागतात, सोबत पोलीस तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र. २४ तासांत फोन देशातल्या सगळ्या नेटवर्कवर बंद होतो, आणि कोणी त्यात सिम घातलं तर त्याचा माग पोलिसांना लागू शकतो. अर्जाचा नंबर जपून ठेवा.

पुढच्या काही दिवसांत "तुमचा फोन सापडला, लिंक उघडा" असा मेसेज येऊ शकतो. तो बहुधा चोराच्या बाजूने येतो, तुमच्या खात्याचा पासवर्ड काढून घ्यायला. लिंक उघडू नका, आणि कोणीही सांगितलं तरी हरवलेला फोन आपल्या गूगल किंवा ॲपल खात्यातून काढून टाकू नका. तो काढला की चोर फोन विकायला मोकळा.

नवा फोन घेताना जुन्या बाजारातला घेत असाल तर पैसे देण्याआधी केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मध्ये जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. तो नंबर बंद केलेला दिसला तर तो फोन तुमच्या-माझ्यासारख्याच कोणाच्या तरी खिशातून आलेला असू शकतो, तेव्हा घेऊ नका. आणि तुमचा फोन पोलिसांकडून परत मिळाला, तर सिम घालण्याआधी त्याच अर्जाच्या नंबरावरून तो सीईआयआरवर पुन्हा चालू करून घ्या. मामांचा अजून मिळालेला नाही. त्यांच्या अर्जाचा नंबर मात्र देवघराच्या फळीवर, कुंकवाच्या करंड्याखाली आहे.