नव्वदीतला रुग्ण आयसीयूत असताना सीपीआरचं काय ठरवायचं आणि कसं

आयसीयूच्या डॉक्टरांनी बाजूला बोलावून "हृदय थांबलं तर सीपीआर करायचा का?" असं विचारलं की घरच्यांचं उत्तर बहुतेकदा ठरलेलं असतं: "डॉक्टर, सगळं करा." या उत्तरात दोन वेगळे प्रश्न एकत्र होतात. सध्याच्या आजारावर उपचार करायचे का, हा पहिला. ते चालू असूनही हृदय थांबलंच, तर छाती दाबून, म्हणजे सीपीआरने, ते पुन्हा चालू करायचा प्रयत्न करायचा का, हा दुसरा. दुसऱ्याला 'नको' म्हटलं तरी पहिला जागच्या जागी राहतो. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, सलाईन, फिजिओथेरपी काहीच बंद होत नाही. फायदा होणार असेल तर डायलिसिसही होतं. तेव्हा आधी हे दोन प्रश्न सुटे करा.

सीपीआरमध्ये छातीचं मधलं हाड ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबतात. श्वासासाठी मास्कने किंवा नळी घालून हवा देतात, दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन देतात, दर २ मिनिटांनी मॉनिटरवर हृदयाची लय पाहतात. विजेचा शॉक फक्त ठरावीक लयींनाच लागू पडतो; मॉनिटरवर सरळ रेषा असेल तर शॉक देऊन उपयोग नसतो, सिनेमात काहीही दाखवोत. म्हातारपणी हाडं ठिसूळ असतात, त्यामुळे नीट दाबलं तर बरगड्या मोडतातच असं धरून चाला.

आता आकडे. रुग्णालयातच हृदय थांबून सीपीआर मिळालेल्या वृद्धांवरच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. सत्तरीतले १८.७ टक्के, ऐंशीतले १५.४ टक्के आणि नव्वदीपुढचे ११.६ टक्के रुग्ण जिवंत बाहेर पडले होते. जिवंत बाहेर पडणं म्हणजे पूर्वीसारखं होणं नव्हे. शिवाय हे आकडे सगळ्या वॉर्डांतले आहेत, तुमच्या रुग्णाचे नाहीत. म्हणून डॉक्टरांना टक्केवारी विचारण्याआधी हे विचारा: "हृदय थांबलं तर कशामुळे थांबेल?" हार्ट अटॅकमध्ये मॉनिटरवर असतानाच लय बिघडली आणि लगेच शॉक बसला, तर नव्वदीतला माणूसही सावरू शकतो. उलट जंतुसंसर्ग रक्तात भिनलाय, रक्तदाब टिकवायच्या औषधांचा डोस रोज वाढतोय, किडनी बंद पडलीय आणि अशात हृदय थांबलं, तर तो त्या आजाराचाच शेवट असतो. त्यावर होते ते सगळे उपाय आधीच चालू असतात. छाती दाबून मूळ कारण हटत नाही.

वयापेक्षा शरीरात उरलेलं बळ महत्त्वाचं. ते मोजायला डॉक्टर १ ते ९ अशी दुर्बलतेची श्रेणी वापरतात. ढोबळमानाने, पैशाचे व्यवहार, खरेदी आणि जड कामाला मदत लागते तो ५ वर. आंघोळीला आणि घराबाहेर पडायला मदत लागते तो ६ वर. खाणंपिणं-शौच सगळं दुसऱ्याच्या हातून होतं तो ७ वर. इथे हमखास होणारी चूक म्हणजे कॉटवर नळ्यांत गुंतलेला माणूस बघून अंक देणं. हिशेब आजारपणाच्या साधारण दोन आठवडे आधीचा हवा. तो फक्त तुम्हालाच माहीत असतो, म्हणून नेमकं सांगा: जिना चढत होते का, गोळ्या स्वतः घेत होते का, वर्षभरात वजन किती उतरलं, किती वेळा पडले.

रुग्णाला विचारता येत असेल तर आधी त्यालाच विचारा

ही पायरी फार लवकर सोडली जाते. आयसीयूत भ्रम होतो, पण तो कमीजास्त होत राहतो. झोप झालेली असताना, गुंगीच्या औषधाचा अंमल उतरल्यावर, चष्मा आणि कानातलं यंत्र लावून विचारा. यंत्राचा सेल आधी तपासा. भ्रम वाटतो ते कधी कधी नुसतं ऐकू न येणं असतं. प्रश्न एका वेळी एकच, छोटा. काही तासांनी तोच पुन्हा विचारा. उत्तर तेच आलं तर त्यावर भरवसा ठेवता येतो.

बोलणं शक्यच नसेल, तर घरच्यांनी स्वतःला विचारायचा प्रश्न "आपल्याला काय हवंय?" हा नाही. "आई इथे बसून हे ऐकत असती तर काय म्हणाली असती?" हा आहे. दुसऱ्या कुणाच्या आजारपणात ती काय बोलली होती, ते आठवा. आधी काही लिहून ठेवलं असेल तर ते डॉक्टरांना दाखवा. मग डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "तुमची शिफारस काय?" निर्णयाचं ओझं एकट्या नातेवाइकावर टाकून मोकळं होणं बरोबर नाही, शिफारस करणं हे डॉक्टरांचं काम आहे. या बैठकीत लांब राहणाऱ्या भावंडांनाही फोनवर घ्या, नाहीतर चार दिवसांनी तीच चर्चा भांडणासकट पुन्हा होते.

"छाती दाबू नका, पण इंजेक्शनं द्या" अशी तडजोड टाळा. रक्त फिरतच नसेल तर शिरेत दिलेलं औषध हृदयापर्यंत पोचणार कसं? श्वासाच्या नळीचं वेगळं. हृदय चालू असताना दम वाढला तर मास्कवरच थांबायचं की व्हेंटिलेटरला जोडायचं, हे स्वतंत्रपणे ठरवता येतं आणि ठरवावंच. देखाव्यापुरता हळू सीपीआर हा तर निव्वळ खोटेपणा. तशी सूचना कुणी केली तर नकार द्या.

ठरत नसेल तर मुदत घाला. "तीन दिवस पूर्ण उपचार, मग पुन्हा बैठक" असं बोला आणि खुणा आधीच ठरवा: रक्तदाबाच्या औषधाचा डोस उतरतोय का, ऑक्सिजन कमी लागतोय का, लघवी होतेय का, हाक मारल्यावर डोळे उघडतात का. त्या मुदतीत हृदय थांबलं तर काय, हेही तेव्हाच ठरवा. हा मुद्दा नेमका राहून जातो.

कागदावर काय हवं

निर्णय, कारण, चर्चेत कोण होतं, तारीख, वेळ, सही. सही कुणाची चालते याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, ते डॉक्टरांकडून समजून घ्या. रुग्णाला वॉर्डात किंवा दुसऱ्या रुग्णालयात हलवताना कागद सोबत गेला का, अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना सांगितलं का, ते पाहा. ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञाशी नव्याने बोलावं लागतं, कारण भुलेमुळे हृदय थांबलं तर ते सहसा सुधारता येण्यासारखं असतं. तब्येतीला वळण लागलं की, कुठल्याही दिशेने, निर्णय पुन्हा तपासा.

छातीत शॉक देणारं यंत्र आधीच बसवलेलं असेल तर ते आवर्जून सांगा. फाइलवर काहीही लिहिलं तरी यंत्र आपला शॉक देतच राहतं, अगदी शेवटच्या तासातही. त्याचा शॉकचा भाग तंत्रज्ञ बंद करू शकतो. तो येईपर्यंत छातीवर चुंबक ठेवून बहुतेक यंत्रांचे शॉक थोपवता येतात. साध्या पेसमेकरला मात्र हे लागू नाही, तो शॉक देत नाही.