घाटात ऑटोमॅटिक गाडी भलताच गिअर टाकते? या चुका टाळा

पसरणी घाटात ट्रकच्या मागे गाडी रेंगाळतेय. समोरचा रस्ता मोकळा दिसतो, तुम्ही रेस देता आणि क्षणभर काहीच होत नाही. मग इंजिन एकदम ओरडतं, गाडी उसळते, आणि तोवर पुढचं वळण आलेलं असतं. ‘ऑटोमॅटिकला पिकअपच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून सुरू होते. गिअरबॉक्स मात्र अनेकदा तुमच्या पायाने सांगितलं तेच करत असतो.

त्याच्या कंट्रोल युनिटला ना वळण दिसतं, ना ट्रक. ॲक्सिलरेटर किती आणि किती झपाट्याने दाबलाय, गाडीचा वेग, इंजिनवरचा भार, ब्रेक आणि ऑइलचं तापमान, एवढ्यावर ते गिअर ठरवतं. इतकी रेस देऊनही वेग नेहमीसारखा वाढत नाही, यावरून चढ आहे हे बऱ्याच गाड्या ओळखतात. वरचा गिअर पडण्याचा आणि परत खालचा पडण्याचा वेग मुद्दाम वेगवेगळा ठेवलेला असतो. समजा, अर्ध्या रेसवर ५५ च्या वेगाला चौथा पडत असेल, तर परत तिसरा ४० च्या आसपास पडेल. हे अंतर नसतं तर गाडी तिसरा-चौथा, तिसरा-चौथा असं करत बसली असती.

ओव्हरटेक करताना पाय हळूहळू दाबत जाणं

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. सावकाश वाढणारी रेस म्हणजे ‘घाई नाही’ असाच निरोप. गिअरबॉक्स वरचाच गिअर धरून ठेवतो. टर्बो पेट्रोल इंजिनांना साधारण १,८०० आरपीएमच्या खाली फारसा दम नसतो, त्यामुळे गाडी ओढत नाही. मग वैतागून तुम्ही पाय तळापर्यंत दाबता आणि ती एकदम दोन गिअर खाली येते.

ओव्हरटेकसाठी बाहेर पडण्याच्या दोन-तीन सेकंद आधी, ट्रकच्या मागे अंतर राखून असतानाच खालचा गिअर मागून घ्या. एस (स्पोर्ट) मोड लावा किंवा मॅन्युअलमध्ये जाऊन एक गिअर उतरवा, आरपीएम २,५००-३,००० वर स्थिरावू द्या, आणि मगच रेस द्या. ॲक्सिलरेटरच्या तळाशी ‘टक्’ असा अडथळा लागत असेल तर तो किकडाउनचा, म्हणजे एकदम खालचा गिअर टाकायला लावणारा स्विच. तो अडीअडचणीसाठी आहे, दर वळणाला वापरायला नाही.

वळणाआधी पाय झटकन काढणं

रेस सुटली की डी (ड्राइव्ह) मोडमध्ये साध्या गाड्या लगेच वरचा गिअर टाकतात, कारण त्यांच्या हिशेबाने आता पेट्रोल वाचवायचं असतं. वळणाच्या मध्यावर तुम्ही पुन्हा रेस देता, तेव्हा किकडाउन होतो आणि टायर आधीच वळण्यात गुंतलेले असताना त्यांच्यावर जोराचा झटका येतो. ओल्या रस्त्यावर हे महागात पडतं. ब्रेक सरळ रस्त्यावर संपवा, गिअर स्टिअरिंग वळवण्याआधी उतरवा, आणि वळणात हलकी, एकसारखी रेस ठेवा. एस मोडमध्ये बहुतेक गाड्या पाय काढल्यावरही गिअर धरून ठेवतात. घाटात हा मोड कामाचा आहे तो यासाठी, वेगासाठी नाही.

मॅन्युअल मोड म्हणजे सगळा ताबा आपला, हाही गैरसमज. आरपीएम लाल पट्ट्याला टेकले की अनेक गाड्या स्वतःच वरचा गिअर टाकतात. खालच्या गिअरमध्ये इंजिन जास्त फिरणार असेल तर स्टिअरिंगमागचं गिअरचं पॅडल कितीही ओढा, गिअर पडणार नाही. आधी ब्रेकने वेग कमी करा, मग पॅडल. डीमध्ये असताना पॅडलने घेतलेला गिअरही सहसा काही सेकंदांत सुटतो.

सगळे ऑटोमॅटिक एकसारखे समजणं

एएमटी म्हणजे मूळचा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र चालवतं. त्यामुळे गिअर बदलताना ओढ तुटते. त्या क्षणी पाय थोडा सैल केला तर मान पुढे-मागे होत नाही. चढावर ब्रेक न लावता रेसवर गाडी धरून ठेवणं म्हणजे क्लच जाळणं. डीसीटी म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स; त्यातल्या ड्राय क्लचच्या, म्हणजे क्लच ऑइलमध्ये न बुडलेल्या प्रकारालाही हेच लागू. डीसीटी पुढचा गिअर आधीच तयार ठेवते. ब्रेक लावल्यावर तिने खालचा तयार ठेवला आणि तुमची गरज भलतीच निघाली, की क्षणभर अडखळते. सीव्हीटीत (पट्टा आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक) ठरावीक गिअरच नसतात, त्यामुळे आरपीएम चढून तिथेच राहणं हा बिघाड नव्हे.

उतारावर न्यूट्रल

कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर हा मोह अनेकांना होतो. त्यात पेट्रोलही वाचत नाही. गिअरमध्ये पाय काढला की इंजिन इंधन बंद करतं, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला जाळावंच लागतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, आणि तापलेले ब्रेक नेमके गरजेच्या वेळी धरत नाहीत. एल, २ किंवा मॅन्युअलमध्ये दुसरा-तिसरा लावा. दर वळणाला ब्रेक लागत असेल तर अजून एक गिअर उतरवा.

एवढं करूनही गाडी चुकत असेल तर बिघाड शोधावा. टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिनची ओढ ऑइलमधून गिअरबॉक्सला पोहोचवणारी) गाडी ४०-६० च्या वेगाला हलक्या रेसवर थरथरत असेल, तर संशय आधी ऑइल आणि इंजिन-गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या लॉक-अप क्लचवर. आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही, म्हणजे आत काहीतरी घसरतंय. सीव्हीटीत मात्र हे जोराच्या रेसवर होतंच, तिथे स्थिर वेगात आरपीएम वर-खाली होतात का ते बघा. गाडी एकाच गिअरमध्ये अडकली आणि दिवा लागला, तर तो लिंप मोड, म्हणजे बिघाड वाढू नये म्हणून गाडीने स्वतःवर घातलेली मर्यादा: जोर न लावता सावकाश वर्कशॉप गाठा आणि एरर कोड वाचून घ्या. एएमटी मधूनच न्यूट्रलला जात असेल तर गिअरबॉक्स उघडण्याआधी बॅटरी तपासा. इंजिन बंद असताना १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी ती चार्ज करा.

‘ऑइल आयुष्यभर बदलायचं नाही’ यावर विसंबू नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनीच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी बदलायला सांगते. नेहमी घाटात चालणाऱ्या गाडीचं त्याआधी बदललेलं बरं. मात्र ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलेलाच हवा, आणि पातळी मॅन्युअलमध्ये दिलेल्या ऑइलच्या तापमानालाच बघायची. बऱ्याच गिअरबॉक्सना त्या वेळी इंजिन चालू लागतं. मेकॅनिक थंड गाडीत अंदाजाने ऑइल भरत असेल तर त्याला तिथेच थांबवा.