मुंबईहून माणसं झाडं लावायला येणार असतील, तर आधी एप्रिलचं पाणी मोजा

दादरच्या पुलावर छत्र्या दिसायला लागल्या की शहापूर, मुरबाड, कर्जत, वाड्याकडे जमीन असलेल्या मुंबईकराला हमखास एक फोन येतो. 'यंदा तुमच्याकडे झाडं लावायला येऊ का? चाळीसेक जण आहोत.' कोणी सोसायटीतले असतात, कोणी ऑफिसातले. हो जरूर म्हणा. फक्त रोपं किती मागवायची हे त्या चाळीस माणसांवरून ठरवू नका.

हिशेब असा. पहिल्या उन्हाळ्यात रोपाला आठवड्याला निदान १० लिटर पाणी धरा. शंभर रोपं म्हणजे १,००० लिटर, म्हणजे २०० लिटरचे पाच ड्रम, दर आठवड्याला, फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत. तुमची विहीर मार्चअखेर तळ गाठत असेल तर शंभराचा नाद सोडा, चाळीस लावा. मुंबईला पाणी पाजणारी तानसा आणि भातसा धरणं शहापूर तालुक्यातच आहेत, आणि त्याच तालुक्यातले कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसतात. तिथे पाहुण्यांच्या हौसेची रोपं जगवायला पाणी मागायला जायची आपल्याला लाज वाटते. वाटायलाच हवी.

हे मी शिकलो ते फजितीतून. पहिल्या वर्षी साठ माणसं आली म्हणून तीनशे रोपं आणली. फोटो झकास निघाले. पुढच्या मे महिन्यात वाळलेलं एक रोप उपटून पाहिलं, तर काही जोर न लावताच हातात आलं. मुळं अजून पिशवीच्याच आकारात होती, तळाशी चकलीसारखी गोल गुंडाळलेली. दहा महिन्यांत त्यातलं एकही मूळ बाहेरच्या मातीत शिरलं नव्हतं. रोपवाटिकेने पिशवीत दोन वर्षं राहिलेला माल दिला होता, आणि मी उंच रोपं बघून खूश झालो होतो. तेव्हापासून खरेदीच्या वेळी गठ्ठ्यातली दोन-तीन रोपं उचलून पिशवीचा तळ बघतो. तळातून जाड मूळ बाहेर येऊन वळलेलं दिसलं तर तो लॉट नको. दोन-तीन फुटांचं, बुंध्याला ठणठणीत रोप पुरे.

खड्डे मे महिन्यातच घ्या. दीड फूट लांब, रुंद आणि खोल. मुरमाड उतारावर जुलैत पाहुण्यांच्या हाती पहार दिलीत तर तासाभरात तळव्याला फोड येतात, आणि उरलेले खड्डे वीतभर खोलीचे होतात. खड्डा उन्हात तापू द्या. मग वरच्या थरातली माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि वाळवीसाठी मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड घालून पावसाआधी भरून ठेवा. प्रत्येक खड्ड्यात हातभर काठी रोवा. जुलैत गवत गुडघ्याला लागतं तेव्हा आपलेच खड्डे आपल्याला सापडत नाहीत.

तारखेचं म्हणाल तर मुंबईत मान्सून यायची सरासरी तारीख ११ जून. लगेच लावायची घाई नको. दोन-चार जोरदार सरी पडून माती हातभर ओली होऊ द्या. १ जुलैला राज्यात कृषी दिन असतो, वनमहोत्सवाचा आठवडाही तेव्हाच. पण गावात आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली असेल तर मदतीला कोणी मिळणार नाही आणि मागूही नये. आवणीच्या आधीचा रविवार गाठा, नाहीतर सरळ ती उरकल्यावर ठेवा. १५ ऑगस्टच्या पुढे मात्र ढकलू नका, मुळांना ओल्या मातीचे दोन महिने मिळायला हवेत. गटारीच्या आसपासचा रविवारही टाळा. का ते सांगायला नको. कसारा लाइनवरून लोक येणार असतील तर शनिवारी मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघून घ्या. एक लोकल चुकली की अर्धी माणसं ऊन चढल्यावर पोचतात.

झाडं निवडताना पाहुण्यांना गुलमोहर हवा असतो. नम्रपणे नाही म्हणा. उताराच्या हलक्या जमिनीत करंज, आवळा, बेहडा, ऐन, मोह. ओहोळाच्या काठी जांभूळ, अर्जुन. घराजवळ ताम्हण, बकुळ. शेजाऱ्याच्या भातखाचराला लागून मोठं वाढणारं झाड नको, सावलीत भात पळंजाचं होतं, दाणा भरत नाही, आणि भांडण आपल्या मुलांपर्यंत चालतं. आणखी एक. ऐन, साग, खैर, जांभूळ, मोह, फणस ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या जमिनीतली असली तरी तोडायला परवानगी लागते. पुढे जिथे घर किंवा रस्ता करायचा विचार आहे, तिथे ती लावू नका.

त्या दिवशी सकाळी सगळ्यांना गोल उभं करून एक रोप स्वतः लावून दाखवा. पिशवी ओढून काढायची नाही. ब्लेडने खालपर्यंत चिरायची, तळाची चकती कापून टाकायची आणि हुंडी, म्हणजे मुळांसकट मातीचा गोळा, दोन्ही हातांनी धरून खड्ड्यात ठेवायची. हुंडी फुटली की बारीक मुळं तुटतात. पिशवीतल्या मातीची पातळी जमिनीच्या बरोबरीला आली पाहिजे. माती टाचेने हलके दाबायची, नाचायचं नाही. सगळ्यात जास्त चूक होते ती आळ्याची. लोकांना रोपाभोवती वाटीसारखं आळं करायची सवय असते, आणि आपल्याकडच्या पावसात त्यात आठवडाभर पाणी साचून रोप कुजतं. पावसाळ्यात बुंध्याशी मातीचा उंचवटा हवा, पाणी निघून जाईल असा. आळं दिवाळीनंतर. काठीला बांधायला सुतळी किंवा जुनं कापड वापरा; नायलॉनची दोरी साल कापते. शेवटी पिशव्या मोजून घ्या. जितकी रोपं तितक्या पिशव्या गोणीत आल्या पाहिजेत.

दोघांच्या जोडीला पाच रोपं, दोन तासांत काम होतं. पायात गमबूट हवेत आणि गवतात हात घालण्याआधी काठी आपटायची. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे ते आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन विचारून या. दंश झालाच तर कापणं, करकचून बांधणं काही नको; १०८ ला फोन करा आणि माणसाला चालू देऊ नका. ओढ्यात डुंबायला मिळणार नाही हे निमंत्रणातच लिहा. स्वयंपाक गावातल्या बचत गटाच्या बायकांना द्या, दर आधी ठरवून. बायकांना कपडे बदलायला आडोसा आणि संडास असला पाहिजे, नसेल तर माणसं कमी बोलवा.

भात कापून झालं की गावची गुरं मोकळी सुटतात. ती काय आपल्या रोपांची वाट चुकवून चरणार नाहीत. गुराख्याला बोलावून जागा दाखवा आणि करवंदीच्या काट्यांची वई, म्हणजे कुंपण, घाला. गवत वाळलं की वणव्याची भीती. दिवाळीनंतर प्रत्येक रोपाभोवती हातभर गवत काढून तेच बुंध्याजवळ आच्छादन म्हणून घाला, पण बांधाकडेने सहा-सात फुटांचा पट्टा साफ ठेवा. या कामाची तारीख जुलैतच, जेवणाच्या पंगतीत सांगून टाका आणि नावं लिहून घ्या. मी विळे माझ्याकडचेच देतो. मुंबईहून कोणी लोकलमधून विळा आणू नये.