मांडे फाटतायत? आखाजीच्या आधी या चुका टाळा

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की आमच्या नाशिकच्या सिडकोत खानदेशी घरांमधली मांडे भाजायची मातीची खापरं माळ्यावरून खाली येतात आणि मग फोन सुरू होतात, मांडा (पुरणाची मोठी, पातळ पोळी) फाटला, पुरण बाहेर आलं, खापर तडकलं. आत्याच्या हाताखाली शिकलेय म्हणून सांगते, निम्म्याहून जास्त गडबड कणकेत असते.

पाकिटातला आटा तसाच घेऊ नका, त्यातला कोंडा ताणताना कणकेला भोक पाडतो. पीठ मलमलच्या कापडातून चाळायचं, मीठ आणि तेल घालून पोळीपेक्षा बरंच सैल भिजवायचं, दोनेक तास झाकून ठेवायचं आणि मग पाण्याचा हात लावत भरपूर तिंबायचं. गोळा उचलून धरला की न तुटता खाली लोंबला पाहिजे, तुटला तर अजून तिंबा, इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं.

पुरणात एक अख्खी डाळ राहिली तरी मांडा नेमका तिथेच फाटतो. शिजलेल्या डाळीचं पाणी पूर्ण निथळा (फेकू नका, त्याचीच रशी म्हणजे तिखट आमटी होते), गूळ घालून उलथनं उभं राहीपर्यंत आटवा, गरम असतानाच वाटा आणि भरताना मात्र गार हवं.

अंगठ्या, घड्याळ काढूनच हातावर घ्या. आत्या थोडा लाटून मग या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत वाढवते, आणि शेवटी त्या पातळ मांड्यातून तिच्या हातावरचं गोंदण दिसतं, तेव्हाच तो खापरावर जातो.

नवीन खापर एकदम मोठ्या आचेवर ठेवलं तर तडकणारच, हळूहळू तापवा. सपाट तव्यावर एवढा मोठा मांडा मावतच नाही, त्याला घुमट लागतो, अगदीच नसेल तर लोखंडी कढई पालथी घाला. विसोबा चाटीने कुंभारांना खापर देऊ दिलं नाही म्हणून ज्ञानदेवांनी पाठ तापवली आणि मुक्ताईने त्यावर मांडे भाजले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांच्या थोरल्या भावाची, निवृत्तीनाथांची समाधी इथे त्र्यंबकेश्वरलाच आहे, त्यामुळे मला तरी मांडा म्हणजे आपल्या घरातलीच गोष्ट वाटते.

भाजला की लगेच घडी घालून कापडाखाली ठेवा, उघडा राहिला तर कडक होतो. आणि मांड्यासोबतच्या आमरसात वरून साखर नको, पुरण गोड असतंच, सोबत तिखट रशी वाढा.