बाबांच्या मिसाईल बोटीवरच्या सोबत्यांचा मेळावा: त्यांना घेऊन कसं जावं

४ डिसेंबर हा नौदल दिन. १९७१ मध्ये त्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या मिसाईल बोटींनी कराचीवर हल्ला केला. 'किलर्स' म्हणून ओळखलं जाणारं स्क्वाड्रन ते हेच, आणि ते मुंबईचं. त्या काळातले खलाशी आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. नौदल दिनाच्या आगेमागे ते जमतात, गोदीत जाऊन येतात, जमलं तर जहाजबांधणीचा कारखानाही बघतात. बाबांना एकट्याला पाठवायची सोय आता राहिली नाही, त्यामुळे सोबत जाणाऱ्या मुला-सुनांसाठी हे लिहितोय.

नाव नोंदवणं

निदान दोन महिने आधी नाव द्या. गोदीत जाणाऱ्यांची यादी सुरक्षा तपासणीसाठी आधीच पाठवावी लागते. आयत्या वेळी 'हा आमचा जावई' म्हणून कुणाला आत नेता येत नाही. सर्व्हिस नंबर, हुद्दा, कोणत्या बोटीवर कोणत्या वर्षी होते, एवढं एका कागदावर लिहून ठेवा. नावाचं स्पेलिंग डिस्चार्ज बुकात आणि आधार कार्डावर एकच आहे का, ते आधी पाहा. आमचं नव्हतं. आडनावातल्या एका जादा 'ए'पायी तीन फोन आणि एक अर्ज करावा लागला. घरातल्या कुणाकडे परदेशी पासपोर्ट असेल तर संयोजकांना पहिल्याच दिवशी सांगा. त्यांची परवानगी वेगळी असते आणि बहुधा वेळेत येत नाही. माझी अमेरिकेतली बहीण त्या दिवशी काळा घोड्याला कॉफी पीत बसली होती.

कपडे आणि पदकं

ब्लेझर, टाय आणि पदकं. १९७१ वाल्यांकडे पश्चिमी स्टार किंवा संग्राम मेडल असेल. रिबन पिवळी पडली असेल तर आधीच बदलून घ्या. वडील हयात नसतील आणि आई किंवा तुम्ही श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला जाणार असाल, तर त्यांची पदकं उजव्या बाजूला लावायची. डावी बाजू ज्याने ती कमावली त्याची. बूट मात्र रबरी तळाचेच हवेत. बायकांनी त्या दिवसापुरती साडी बाजूला ठेवलेली बरी, कारण पुढे जहाजाचा उभा जिना चढायचा आहे.

गेटच्या आत

मोबाईल हॉटेलवर ठेवा. गोदीच्या लायन गेटपाशी पंचवीस म्हाताऱ्यांचे पंचवीस फोन जमा करताना अर्धा तास जातो. दोन-तीन महत्त्वाचे नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात टाका. दुपारच्या गोळ्याही खिशातच, चिठ्ठीसकट. गोदीतल्या गौरव स्तंभाला पुष्पचक्र वाहायचं असेल तेव्हा उन्हात उभं राहावं लागतं. टोपी आणि पाणी हाताशी असू द्या.

जहाजावर चढणं ही खरी परीक्षा. तिथल्या जिन्याला लॅडर म्हणतात आणि तो जवळजवळ उभाच असतो. उतरताना तोंड लॅडरकडे, दोन्ही हात कठड्यावर. बाबा ऐकणार नाहीत. पन्नास वर्षांपूर्वी ते पळत उतरायचे. तुम्ही एक पायरी आधी उतरा, म्हणजे ते चिडणार नाहीत आणि पडणारही नाहीत.

कारखाना

या स्क्वाड्रनच्या जुन्या ८ मिसाईल बोटी सोव्हिएत संघातून मालवाहू जहाजांवर लादून आल्या, त्याही कोलकात्याला, कारण तेवढं वजन उचलणारी क्रेन तेव्हा मुंबईत नव्हती. तिथून त्या ओढत मुंबईला आणल्या. पुढच्या पिढीतली प्रबळ माझगाव डॉकमध्ये बांधली गेली आणि प्रलय गोवा शिपयार्डमध्ये. शिपयार्डच्या भेटीत चालणं भरपूर असतं. व्हीलचेअर मिळेल का ते आधी विचारा. 'नको' म्हणतील, तरी घ्या. कानाचं मशीन तिथे कर्कश वाजतं, आवाज कमी करून ठेवा. इंजिनरूमवाल्यांचे कान आधीच गेलेले असतात. त्या बोटींना प्रत्येकी तीन डिझेल इंजिनं होती, एकेकाला 42 सिलिंडर. वेल्डिंगच्या आवाजात हे लोक एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलू लागले आणि त्यांचं सगळं बरोबर चाललं होतं.

जेवणाची वेळ

दौरा हे निमित्त. कार्यक्रमपत्रिका भाषणांनी भरलेली असेल तर संयोजकांच्या मागे लागून जेवणानंतरचे दोन तास रिकामे सोडायला लावा. त्या दोन तासांत तुम्ही बाबांच्या शेजारी बसू नका. मागच्या टेबलावर बसून ऐका. मुलगा समोर असला की ते सभ्य होतात. रेकॉर्डिंग करायचं तर विचारून करा. मिसाईल कसं चालायचं हे खोदून विचारू नका. कराची बोलून झाल्यावरही हा एक विषय ते गिळतात, तो त्यांचा धर्म आहे. मेसमधलं जेवण, रशियन शिकताना झालेली फजिती, पगारातून घरी मनीऑर्डर किती जायची, हे विचारा.

ज्यांना आत जाता आलं नाही

त्या ८ बोटींनंतर, १९७१ च्या युद्धानंतर आलेल्या तशाच मिसाईल बोटींपैकी चपळ २००६ पासून कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर संग्रहालय होऊन उभी आहे. तिथे पाहुण्यांची यादी पाठवावी लागत नाही, कुणालाही जाता येतं. मडगावहून कोकण रेल्वेने दीड तासाच्या आत कारवार येतं. जानेवारीत आम्ही बहिणीला घेऊन तिथे गेलो. बाबा सरळ एका दाराशी गेले, कडीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ही नेहमी अडायची." अडलीच.